कोपराचं माप

उत्तरेश्वर मिस्त्रीला या टेबलातून काय मिळणार होतं, ते आधीच मांडून ठेवू; मागाहून कुणी त्याला लोभी म्हणायला नको. त्याला मिळणार होतं उभं राहणं. बस्स, एवढंच. दोन पाय असलेल्या माणसाला हे फुकटात मिळतं असं आपण धरून चालतो. पण एकतीस वर्षं जो दुसऱ्यांच्या फ्लॅटच्या फरशीवर बसून, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली फळी दाबून रंधा मारत आला, त्याला विचारा. तो अंगठाच त्याचा शिकंजा होता. चपलेच्या बाहेर आडवा वाढलेला, नख काळं पडलेलं. यंदा चैत्रात त्या अंगठ्याच्या वरच्या अंगानं, म्हणजे गुडघ्यानं, काम सोडलं. डॉक्टर म्हणाले, "उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही. जे काय करायचं ते उभ्यानं." डॉक्टरांचं काय जातंय? सुताराला उभ्यानं काम करायचं तर उंच टेबल लागतं, टेबलाला जागा लागते, आणि रामनगरातली त्याची खोली गॅस, गाद्या आणि कौशल्या यांनाच जेमतेम पुरत होती.

"हात असा काटकोनात धरा साहेब. हां. हलू नका."

दिग्विजय हलला नाही. रविवारची सकाळ होती, वारज्यातल्या बंगल्याचं पार्किंग होतं, आणि हाफपँटमधला सहा फूट एक इंचाचा आयटीतला मॅनेजर रक्त काढून घ्यायला बसावं तसा हात धरून उभा होता. उत्तरेश्वरनं त्याच्या कोपराखाली एक काठी उभी धरली, पेन्सिलीनं रेघ मारली, आणि रेघेवर काठी कापली. टेप खिशात होती. पण कोपराचं माप तो कधी टेपनं घेत नसे. त्याचा बाप घेत नसे म्हणून.

"पंचेचाळीस भरतंय," काठीला मागाहून टेप लावून तो म्हणाला.

"म्हणजे टेबल चाळीस इंच," दिग्विजय लगेच म्हणाला. "कोपराच्या पाच इंच खाली. स्टँडर्ड आहे ते."

त्याला सगळं माहीत होतं. लाकडाला हात लावायच्या आधी त्यानं लाकडाचे दोनशे व्हिडिओ बघितले होते. आधी सायकल, मग दुर्बीण, मग पाव भाजायची भट्टी, आणि यंदा सुतारकाम. त्यासाठी त्यानं जर्मन राउटर मशीन मागवलं होतं. लाकडाच्या कडा गोल मारायचं, खाचा पाडायचं, नक्षीची पट्टी काढायचं हे मशीन. हातात धरून चालवायचं तर लाकूड खाली दाबून बसावं लागतं. पण हेच मशीन टेबलाच्या पोटाला उलटं टांगलं आणि त्याचं पातं वरच्या भोकातून बोटभर बाहेर काढलं, की माणसानं नुसतं उभं राहायचं आणि लाकूड पात्यावरून सरकवत न्यायचं. ते टेबल दिग्विजयला हवं होतं.

"काका, तुम्ही बनवा, पण एकदम कम्फर्टेबल बनवा. आणि प्रॅक्टिकल. मी काय, शनिवार-रविवारच वापरणार. बाकी पाच दिवस पडूनच आहे ते. तुम्ही करा की तुमची कामं इथं. तुमचंच समजा."

तुमचंच समजा हे पुण्यातलं वाक्य आहे. जेवूनच जा, या एकदा निवांत, तुमचंच समजा, ही सगळी एकाच माळेतली. ऐकणाऱ्यानं मान डोलवायची, हसायचं आणि वाक्य तिथेच ठेवून घरी जायचं, असा रिवाज आहे. कळंबकडून आलेला माणूस पुण्यात एकतीस वर्षं राहिला तरी एवढं शिकला नाही. त्यानं ते वाक्य उचललं, घडी घातली आणि खिशात ठेवलं.

संध्याकाळी ते त्यानं कौशल्यासमोर उलगडलं. ती त्याच बंगल्यात सकाळ-संध्याकाळ पोळ्या करायला जायची, त्यामुळे घर तिला आतून ठाऊक होतं.

"लिहून घेतलं का त्यांच्याकडून?"

"अगं, चहा पिता पिता बोलले."

"चहावरचा शब्द कप विसळला की जातो. कप मी विसळते, मला म्हाईत हाय. त्यापरीस माऊलीचं ऐका."

माऊली हा तिचा भाऊ. त्यानं मार्केट यार्डातल्या एका गोडाऊनवर मेहुण्यासाठी जागा बघून ठेवली होती. गेटपाशी खुर्ची, आत येणाऱ्या गोण्या वहीत लिहायच्या.

"लाकूड सोडून कांद्याच्या गोण्या लिहू?"

"लाकूड काय तुम्हाला पत्र लिहायलंय का, या म्हणून?"

"उभ्यानं काम करता येईल गं. ताठ उभ्यानं."

"मी चाळीस पोळ्या उभ्यानंच लाटते," कौशल्या पाय चोळत म्हणाली. "मला नाही कुणी टेबल केलं."

उत्तरेश्वरनं दुसऱ्या दिवशी दोन कामं केली. माऊलीला नाही म्हणून कळवलं, आणि पूजेच्या सामानाच्या एका दुकानदाराला नवरात्राआधी अकरा देव्हारे द्यायचा शब्द दिला. देव्हाऱ्याला नक्षीच्या पट्ट्या लागतात, कमानी लागतात, कडा लागतात. टेबल असलं तर महिन्याभराचं काम.

आणि तिसरं काम त्यानं पार्किंगमध्ये केलं, कुणी बघत नाही असं बघून. एक दुसरी काठी घेतली, स्वतःच्या कोपराखाली उभी धरली, रेघ मारली, कापली. एकोणचाळीस. त्यातून पाच गेले, चौतीस.

बघत नव्हतं असं नाही. फाटकापाशी प्लास्टिकच्या खुर्चीत दिग्विजयचे वडील सर्जेराव वर्तमानपत्र धरून बसलेले असत. म्हाताऱ्यानं चौदा एकर जमीन वीतभर इकडे की तिकडे यावर भांडत भांडत बिल्डरांना विकली होती. आता त्याच जमिनीवरच्या बारा-बारा मजल्यांची सावली अंगावर घेऊन तो दिवसभर वाचत बसे. पानं मात्र क्वचितच उलटत.

शनिवारी उत्तरेश्वरनं विषय काढला.

"साहेब, चाळीस इंच लई होतंय."

"पण सगळीकडे तेच लिहिलंय."

"लिहिणाराचं बरोबरच हाय. पण उंच टेबल थरथरतं बघा. मशीन पोटाला लटकणार, त्याची थरथर वर येणार. लाकडावर वरून वजन पडलं पाहिजे. चौतीस ठेवा, डोंगरावानी बसंल."

हे अर्धं खरं होतं, आणि अर्ध्या खऱ्याला नेहमी जास्त धार असते. शिवाय दिग्विजयला एखादी गोष्ट माहीत नाही असं दिसू देणं जमत नसे.

"येस. स्टॅबिलिटी," तो म्हणाला. "मी पण तेच म्हणणार होतो."

वर्तमानपत्रामागे सर्जेरावांना खोकल्याची उबळ आली.

सहा इंच. उत्तरेश्वरचा हिशेब सरळ होता. उंच माणूस चौतीस इंचांवर वाकेल. एक रविवार वाकेल, दोन रविवार वाकेल, तिसऱ्या रविवारी त्याची पाठ बोलेल आणि हौस फिटेल. सायकल आणि दुर्बीण पार्किंगच्या कोपऱ्यात साक्षीला होत्याच. मग टेबल आठवड्याचे पाच दिवस कशाला, सातही दिवस आपलं. या हिशेबात चूक नव्हती. वाईट तेवढंच झालं.

मग त्यानं ते टेबल बनवलं, आणि उभ्या आयुष्यात इतक्या प्रेमानं काही बनवलं नव्हतं. कौशल्याला पलंग केला होता तोही उरलेल्या फळ्यांचा. वर दुहेरी प्लाय, त्याच्यावर गुळगुळीत सनमायका, लाकूड लोण्यासारखं सरकावं म्हणून. खाली भुसा गोळा व्हायला खण, शेजारी पाती ठेवायला खण. स्वयंपाकाच्या ओट्याला असते तशी तळाशी आत घेतलेली खाच, पावलं आत जाऊन अंग टेबलाला लागावं म्हणून. लाल बटण डावी-उजवीकडे नाही, तर समोर, बरोबर त्याच्या उजव्या गुडघ्याच्या उंचीवर. दोन्ही हात लाकडावर असले तरी धड गुडघ्यानं ढकललं की मशीन बंद. आणि खाली, जमिनीपासून वीतभर, एक आडवी दांडी.

"ही कशाला?" दिग्विजयनं विचारलं.

"पाय ताठ राहतात साहेब. टेबलाचे."

पाय टेबलाचे नव्हते. डावं पाऊल दांडीवर ठेवलं की गुडघ्यातली कळ निम्मी होत होती. त्यानं वडारवाडीतल्या एका रसवंतीवर गिऱ्हाइकांना तसं उभं राहिलेलं बघितलं होतं.

पहिल्या सोमवारी तो एकटा त्या टेबलापाशी उभा राहिला. पाऊल दांडीवर, पोट टेबलाला, कोपर जिथे असावं तिथे. सागाची पट्टी पात्यावरून सरकवली आणि पलीकडून नक्षी होऊन निघाली. त्यानं ती पुन्हा अलीकडे आणून बघितली. मग उगाच गुडघ्यानं बटण ढकलून मशीन बंद केलं, चालू केलं, बंद केलं.

"खेळणं हाय का रं ते?" सर्जेराव ओरडले.

"बघत होतो तात्या, चालतंय का."

"चालतंय की. तुला चांगलंच चालतंय."

कौशल्या पोळ्या आटपून बाहेर आली, पदरानं तोंड पुसत क्षणभर थांबली. नवऱ्याला काम करताना तिनं आजवर नेहमी वरून बघितलं होतं. टक्कल आणि पाठ. आज तोंड दिसलं. ओठांवरचा टोमणा गिळून ती फाटकाबाहेर गेली. तिच्या बाजूनं हे पुष्कळ झालं.

तीन आठवडे असे गेले. सोमवार ते शुक्रवार देव्हारे, शनिवार-रविवार दिग्विजय. चार देव्हारे उभे राहिले. दिग्विजयनं त्याच वेळात एक पोळपाट केला. तो वाकून वाकून केला, व्हिडिओ काढत केला, आणि नम्रतानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, तो उलटा-सुलटा करून बघितला.

"छान आहे," ती म्हणाली. "भिंतीला लावू या. पोळ्या होणार नाहीत त्याच्यावर."

तिसऱ्या रविवारी संध्याकाळी दिग्विजय टेबलावरून सरळ होऊ शकला नाही. काटकोनात धरलेल्या हाताला फार तर मुंग्या येतात. काटकोनात धरलेल्या पाठीचं तसं नसतं. त्याला दोघांनी धरून गाडीत घातलं. उत्तरेश्वरला ही बातमी कौशल्याकडून कळली. वाईट वाटायच्या आधी त्याला जे वाटलं, ते त्यानं देव्हाऱ्याला पॉलिश मारता मारता मनातल्या मनात झाकून टाकलं.

"खूश झालाव ना?" कौशल्यानं विचारलं.

"अगं, माणूस आजारी हाय."

"मी त्यांचं नाही विचारलं, तुम्ही खूश झालाव का विचारलं."

आठवडाभर डॉक्टर, औषधं, शेक असं चाललं. उत्तरेश्वर तेवढे दिवस मुद्दाम गेला नाही. बरं दिसत नाही म्हणून. पुढच्या सोमवारी तो पाचव्या देव्हाऱ्याचं लाकूड खांद्यावर घेऊन फाटकातून आत आला, आणि थांबला.

टेबलावर पातं नव्हतं. पात्याच्या भोकातून चार्जरची वायर वर आली होती. वर पुठ्ठ्याचे दोन खोके, खोक्यांवर लॅपटॉप, आणि लॅपटॉपसमोर कमरेला पट्टा बांधलेला दिग्विजय. उभा.

"काका! बरं झालं आलात. वाटच बघत होतो." त्यानं कानातलं बोंडूक काढलं. "डॉक्टर म्हणाले, बसायचं नाही, वाकायचं नाही. दिवसभर उभ्यानं काम करा. आणि बघा ना, घरातच तयार टेबल! नम्रता म्हणाली, एवढं दणकट बाजारात मिळायचं नाही."

"पण साहेब, मशीन..."

"ते काढलं. ते आता नकोच. विकायला टाकलंय, संध्याकाळी येतायत न्यायला. टेबल फक्त उंच करायचंय. कोपराच्या बरोबरीनं. खोक्यांवर किती दिवस काढू?"

उत्तरेश्वरनं खांद्यावरचं लाकूड खाली ठेवलं. घडी घालून ठेवलेलं ते ‘तुमचंच समजा’ त्यानं खिशातून काढून बघितलं.

"साहेब, तुम्ही बोलला होता. आठवड्याचे पाच दिवस. म्हणजे मी त्या बोलीवर देव्हारे घेतलेत हो. सात ऱ्हायलेत."

"अहो, हो ना." दिग्विजयला खरंच वाईट वाटलं, तो वाईट माणूस नव्हता. "पण तेव्हा पाठ ठीक होती ना माझी. आता रोज नऊ ते सात मी इथंच. आणि तुमचं काय काका, तुम्हाला टेबल नसलं तरी चालतं. तुम्ही लोक कुठेही बसून करता. आमचीच शरीरं बिघडलीयेत."

नम्रता कॉफी घेऊन बाहेर आली होती. तिनं उत्तरेश्वरच्या पायाकडे बघितलं, मग कप टेबलावर ठेवला.

"काकांना म्हणावं, पॉसिबल असेल तर आजच करून द्या. उद्या अमेरिकेचा कॉल आहे."

दोन वाक्यं उत्तरेश्वरच्या ओठांवर आली होती. पहिलं, की माझा गुडघा गेलाय. ते बोललं तर पुढे कुणी काम सांगितलं नसतं. दुसरं, की तुमची पाठ मी मोडली, सहा इंच खाऊन. ते बोललं तर या फाटकातून कौशल्याही आत आली नसती. ज्याला दोन्ही वाक्यं गिळायची असतात, तो तिसरं बोलतो.

"करतो की," उत्तरेश्वर म्हणाला.

टेबलाचे पाय करायला टेबल लागतं. जे होतं त्याचेच पाय काढायचे होते. त्यानं पार्किंगमध्ये इकडे-तिकडे बघितलं. सायकल, दुर्बीण, गाडी. मग भिंतीला हात धरून तो हळूहळू खाली बसला. डावा गुडघा वाळक्या चिपाडासारखा वाजला.

सर्जेराव खुर्चीतून उठले. ते सहसा उठत नसत. कोपऱ्यातल्या पत्र्यामागे हात घालून त्यांनी दोन काठ्या काढल्या, एक लांब, एक आखूड, आणि उत्तरेश्वरसमोर आणून उभे राहिले. आवाज त्यांनी बेतानं ठेवला. लेकाला ऐकू जाणार नाही, मिस्त्रीला जाईल एवढा.

"जमीन मोजून मोजून विकलीया मी, लेका. माप खाणारा मला लांबनं कळतो."

उत्तरेश्वरनं मान वर केली नाही. "मग तवाच का नाही बोलला, तात्या?"

"कशापायी बोलू? तू त्याला वाकवलास. माझ्याच्यानं चाळीस वर्षांत झालं न्हाय ते." म्हातारा खुशीत हसला, आणि लांब काठी त्यानं उत्तरेश्वरच्या मांडीवर ठेवली. "ही घे. पंचेचाळीस. आता ह्या मापानं काप. कोपराच्या बरोबरीनं पायजे म्हणतोय. आणि ही तुझी..." आखूड काठी त्यांनी स्वतःच्या हातात तोलून बघितली. "ही मला ऱ्हाऊ दे. कुत्र्याला बरी हाय."

ती टेकत टेकत ते खुर्चीकडे गेले.

दिवसभर काम चाललं. चार नवे पाय, बेचाळीस-बेचाळीस इंचांचे, वरची जाडी धरून पंचेचाळीस भरणारे. अंगठ्याखाली लाकूड दाबलं की कळ मांडीपर्यंत जाई, मांडीतून कमरेला, आणि तिथून घामाच्या रूपानं कपाळावर येई. दुपारी दिग्विजयनं येऊन पायांवरून हात फिरवला.

"कडा टोचतील काका. मशीन आहे अजून, गोल मारून घ्या ना. संध्याकाळी जाईलच ते."

म्हणून मग राउटर हातात धरून, लाकूड पायाखाली दाबून, फरशीवर बसून उत्तरेश्वरनं सोळा कडा गोल मारल्या. आयुष्यात पहिल्यांदा चांगलं मशीन हातात धरलं होतं, आणि बसणं तेच.

पाच वाजता मशीन न्यायला माणूस आला आणि खोक्यात घालून घेऊन गेला. साडेपाचला टेबल नव्या पायांवर उभं राहिलं. दिग्विजयनं लॅपटॉप ठेवला, कोपर टेकवलं, आणि त्याच्या तोंडावर असा आराम पसरला की नम्रतानं फोटो काढला.

"आणि ही दांडी!" तो म्हणाला. "काका, फूटरेस्ट! तुम्ही आधीच करून ठेवलीत. जीनियस आहात तुम्ही. हिला हलवू नका, फक्त बोल्ट आवळा." त्यानं बूट घातलेलं डावं पाऊल दांडीवर ठेवलं, कानात बोंडूक घातलं, आणि इंग्रजीत कुणाला तरी सांगू लागला की सॉरी, आज जरा उशीर झाला.

आत पोळ्यांचा वास सुटला होता. कौशल्या दारात येऊन उभी होती. तिला माऊलीचा फोन येऊन गेला होता. मार्केट यार्डातली इतके दिवस रिकामी राहिलेली खुर्चीही गेली, कालपासून तिथे दुसरा माणूस बसतोय. हे नवऱ्याला आत्ता सांगावं की घरी गेल्यावर, याचा ती विचार करत होती. घरी गेल्यावरच सांगायचं, असं तिनं ठरवलं. त्याचं तोंड आता तिला परत दिसत नव्हतं. टक्कल आणि पाठ.

उत्तरेश्वरनं टेबलाखाली शेवटचा बोल्ट आवळला. पाना पिशवीत टाकला. आता उठायचं होतं. त्यानं सवयीनं टेबलाच्या कडेला हात घातला, आणि हात हवेत राहिला. कड पंचेचाळीस इंचांवर होती. फरशीवर बसलेल्या माणसाला ती लागत नाही. भिंत लांब होती. कौशल्या दारातून निघाली, पण मध्ये गाडी होती.

मग त्यानं दांडी धरली. दोन्ही हातांनी, बुटाच्या अगदी शेजारी, आणि जोर लावला. गुडघा वाजला. दांडी हलली नाही. ती त्यानंच लावली होती.

दिग्विजयनं स्क्रीनवरून नजर न काढता बूट थोडा सरकवला, त्या हातांना जागा व्हावी म्हणून.

या टेबलापायी दिग्विजयनं सोडलं ते एवढंच, दांडीवरची चार बोटं जागा. बाकीचं सगळं उत्तरेश्वरनं भरलं, आणि तेही बसून.